धुराड्यात कोंबलेल्या शाली

माझ्या थोरल्या दिरांनी महाबळेश्वरच्या एका हॉटेलात भिंतीतली शेकोटी पाहिली आणि बारामती तालुक्यातल्या आमच्या नव्या बंगल्याच्या हॉलमध्ये तशीच करून घेतली. जिथं होळीच्या आधीच पंखे सुरू होतात, तिथं. शेकोटी नुसती शोभेची, पण गवंड्यानं इमानदारीनं खरं धुराडं काढून गच्चीच्या वर नेलं. खाली कधी काडी पेटली नाही. वर संगमरवरी फळी आणि फळीवर दिरांचे सत्काराचे फोटो. त्यांना घरात सगळेच तात्या म्हणायचे.

कारखाना घरापासून जवळच. उसाचं गाळप सुरू झालं की काळी राख उडते, अंगणात आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. आता ती धुराड्यातून थेट हॉलमध्ये उतरू लागली. आणि हॉलमध्ये आम्ही झोपायचो. खोल्या तात्यांच्या आणि त्यांच्या मुलांच्या, धाकट्या भावाच्या संसाराला हॉल. माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती. तिला दमा होता. रात्री तिची छाती भात्यासारखी वाजायची आणि मी तिला मांडीवर बसवून पाठ चोळत राहायचे.

डॉक्टर म्हणाले, धुळीपासून लांब ठेवा. एकदा जेवणं चालू असताना मी धीर करून तात्यांना म्हणाले, ते धुराडं वरून बंद करून घेऊ या.

"हालची शोभा जाती," तात्या म्हणाले. "आन् आमी काय धुरात वाढलो न्हाय व्हय? पोरीला लाडानं नाजूक करून ठिवलीय तुमी."

नवऱ्यानं आणखी एक भाकरी मागितली. मी ती वाढली आणि मनात डूख धरला.

थोड्याच दिवसांत सगळे इंदापूरला लग्नाला गेले. पोरीच्या तब्येतीचं निमित्त काढून मी मागं राहिले. तात्यांच्या कपाटात सत्कारांत मिळालेल्या शालींची चळत होती. घडी न मोडलेल्या शाली, कुणाला हात लावू देत नसत. त्या मी खताच्या रिकाम्या गोणीत भरल्या, गच्चीवर चढवल्या आणि गोणी धुराड्याच्या तोंडात लाथेनं दाबून बसवली. वर फरशीचा तुकडा ठेवला. घरात जुन्या गोधड्या काय कमी होत्या? पण मला शालीच कोंबायच्या होत्या, आणि कोंबताना फार बरं वाटलं.

राख थांबली. पोर झोपू लागली. कुणाच्या काही लक्षात आलं नाही, शेकोटीकडं फोटोपुरतंच बघायची सवय सगळ्यांना. शाली कपाटात नाहीत हेही तात्यांना कळलं नाही.

संक्रांत झाल्यावर त्यांचे पुण्याचे पाहुणे यायचे ठरले. तात्यांनी जाहीर केलं, यंदा शेकोटी पेटवायची. मला सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. त्या दिवशी सकाळीच पोरीला भिगवणला माझ्या भावाकडं धाडलं आणि लाकडं मीच आणून रचली. बाभळीची, जरा ओलसर बघून.

संध्याकाळी पाहुणे सोफ्यावर ऐसपैस बसले. तात्यांनी डिझेल ओतून काडी लावली. धूर वर गेला, अडला आणि उलटा फिरला. पाहुणे नाकाला रुमाल लावून अंगणात पळाले. तात्या मात्र पाहुण्यांपुढं शोभा नको म्हणून आग विझवत आत थांबले. बाहेर आले ते भिंत धरूनच. पायरीवर बसले. डोळे लाल, तोंड उघडं, हात छातीवर. श्वास आत जाईना, बाहेर येईना. कसंबसं "पाणी" म्हणाले.

तांब्या माझ्या हातात होता. मी तो दिला नाही. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्याला डोळा देऊन उभी राहिले.

"तात्या, तिला असंच हुत हुतं," मी म्हटलं. "रोज रातीला. सात वर्साची हाय ती."

बोलायला त्यांच्याकडं श्वास नव्हता. अडलेला श्वास परत यायला किती वेळ लागतो, हे त्या घरात माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तेवढा वेळ मी थांबले आणि मगच तांब्या पुढं केला.