गॅरेजातलं शिसं

नातवाच्या रक्तात शिसं निघालं तेव्हा पहिला बळी गेला माझ्या हळदीचा.

डॉक्टरांकडच्या नर्सने फोनवर लेकीला विचारलं होतं, घरात भारतातून आणलेले मसाले आहेत का, बाळाला काजळ घालता का. झालं! लेक ऑफिसातून थेट आमच्याकडे आली आणि हळद, तिखट, काळा मसाला, काजळाची डबी, सगळं एका पिशवीत कोंबायला लागली. "अगं, याच हळदीवर वाढलीस तू," मी म्हटलं. "आई, प्लीज, आत्ता नको." मी पिशवीचं तोंड धरून उभी राहिले. दीड वर्षाचं पोर ते. ती आणि जावई कामावर गेले की दिवसभर इथे अमेरिकेत, फ्रिस्कोतल्या आमच्याच घरी असायचं. त्याला खाऊ घालणारी, निजवणारी मीच.

जाता जाता तिने तेही विचारलंच, "बाबा, तुमचं ते गॅरेज?"

आमचे हे इंजिनिअर. रिटायर झाल्यावर कुणी बागकाम करतं, कुणी भजनाला जातं. यांना रायफलच्या गोळ्या घरी करायचं वेड लागलं. रेंजवर जाऊन कागदावर नेम धरायचा, एवढंच. एरवी घरात झुरळ निघालं तरी मला हाक मारायचे. गॅरेजात छोटी विजेची भट्टी. तीत शिसं वितळवून साच्यात ओतलं की गोळीचे गाभे तयार व्हायचे, मग ते तांब्याच्या कवचात दाबून बसवायचे. एकेक गाभा तराजूवर चढायचा आणि जरा कमीजास्त भरला की परत भट्टीत. "सोनाराकडे एवढं लक्ष घातलं असतंत तर मला पाटल्या तरी झाल्या असत्या," मी चिडवायची.

लेकीच्या प्रश्नाने हे दुखावले. "मी काय वेडा आहे? मास्क लावतो, मोठं दार उघडं ठेवतो, कोपरापर्यंत हात धुतो. पोराने तिथे कधी पाऊल टाकलंय का?" खरंच टाकलं नव्हतं. मीही यांचीच बाजू घेतली.

दुसऱ्या तपासणीत आकडा चढला. मसाले गेले, काजळ गेलं, तरी चढला. लेक फोनवर रडत होती. "आई, त्याच्या वयाची बाकीची मुलं किती बोलतात गं. हा अजून बोलत नाही, ते यामुळेच असेल का?" फोन ठेवला. देवापुढे बसले तर जन्मभर तोंडपाठ असलेलं स्तोत्र आठवेना. देवा, या वयात मला काय हवं ते कर, पण त्या लेकराच्या डोक्याला धक्का लागू देऊ नकोस, एवढंच घोकत राहिले.

त्याच आठवड्यात एका दुपारी हे गॅरेजातून आत आले. इथे आपल्या बहुतेकांच्या घरी चपलांचा रॅक गॅरेजातच असतो. चपला तिथे काढायच्या आणि अनवाणी थेट स्वयंपाकघरात यायचं. घर स्वच्छ राहावं म्हणून! यांनी सिंकवर खसाखसा हात धुतले. तेवढ्यात पोर दुडुदुडु आलं आणि यांच्या पावलांवर आपली पावलं ठेवून उभं राहिलं. आबांच्या पायांवर चढून घरभर फिरायचं, हा दोघांचा रोजचा खेळ. एक फेरी झाली, ते खाली बसलं, यांच्या अंगठ्याशी खेळलं आणि तीच बोटं त्याने तोंडात घातली.

"अहो, पाय!" मी किंचाळले.

"काय झालं पायांना?"

"हात धुतलेत, पाय धुतलेत का? त्या शिशाच्या धुळीतून अनवाणी आलात ना!"

यांनी एक पाय उचलून तळवा बघितला. मी पोराला उचललं, नळाखाली धरलं, ते रडतंय आणि मीही रडतेय. गावाकडे बाहेरून आलं की आधी हातपाय धुवायचे, मगच आत. इथे दारात नळ कुठला? जोडीतले हात तेवढे राहिले, पाय विसरलो.

मी लगेच लेकीला फोन केला. ती आली, ओरडली नाही, काही नाही. "पुढच्या टेस्टपर्यंत तो डे-केअरला जाईल," म्हणाली आणि त्याला घेऊन गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

यांनी भट्टी, साचे, सगळं शहराच्या विषारी कचऱ्याच्या केंद्रात नेऊन दिलं. कार्पेट उपटलं. गुडघे सोलवटेपर्यंत मी फरशी पुसली. एकदा आकडा उतरू दे, मग येईल आपलं बाळ, असं एकमेकांना सांगत दिवस ढकलले.

परवा लेकीचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"आई, आकडा उतरला. बराच उतरला."

"उतरला!" यांनी लहान मुलासारख्या टाळ्या पिटल्या. "बघ, मी म्हणत नव्हतो? मग उद्या आणतेस ना त्याला?"

 

"बाबा," ती म्हणाली, "तो तुमच्याकडे आला नाही, म्हणूनच उतरला."