लाटेवर जायचा बेत

विसाव्या वर्षी मला समुद्र हवा होता आणि वाट्याला आली होती मोट. मालेगावजवळ आमचा भाजीचा मळा. वडिलांची कंबर धरली तेव्हापासून विहिरीवरची बैलजोडी मीच हाकत होतो. धावेच्या उतारावरून खाली, परत वर, दिवसभर तीच मोजकी पावलं. बैल बदलायला दुसरी जोडी होती. मला बदलायला कोणी नव्हतं, आणि याचा मला भयंकर राग यायचा.

माझा मामा महायुद्धाच्या काळात फौजेबरोबर मालदीवच्या एका बेटावर राहून आला होता. तिथली माणसं छातीखाली फळी धरून लाटेवर पालथी पडतात आणि लाट त्यांना काठावर आणून सोडते, असं तो सांगायचा. गावात सगळे त्याला फेकू म्हणत. माझा मात्र विश्वास बसला, कारण मला तो बसवायचाच होता.

आम्ही दोघांनी बेत आखला. तुतिकोरिनपर्यंत आगगाडी, पुढे मालदीवपर्यंत गलबत. फळी मी घरीच केली, तीही ओल्या बाभळीची. आमच्याकडे मजबूत लाकूड म्हणजे बाभूळ. वखर तिचा, तिफण तिची. विहिरीत तिच्यावर पालथा पडलो, तर फळी आणि मी दोघेही खाली गेलो. नाकातोंडात पाणी घेऊन वर आलो तेव्हा मामा पायरीवर बसून हसत होता.

"लाटेवर जातं का वखर हाकाले? पांगाऱ्याची कर, हलकी रायते."

पांगाऱ्याची फळी तरंगली. आता फक्त महिना ठरवायचा होता, आणि तिथेच घोडं अडलं. हिवाळ्यात मेथी, कांदा. उन्हाळ्यात मिरची, वांगी पाण्यावाचून माना टाकणार. मोट थांबायची ती पावसाळ्यात, आणि पावसाळ्यात त्या समुद्रात गलबतं बंद. मी वर्षाचे बारा महिने कागदावर मांडले. एकही मोकळा निघाला नाही. शेवटी चिडून ठरवलं, माघात निघायचंच. मळा वाळला तर वाळू दे.

वडील मेथीच्या जुड्या बांधत बसले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं: गाडी, गलबत, फळी, माघ. त्यांनी मान खाली घालूनच ऐकून घेतलं.

"जाचं तं सारं पाह्यलं तुनं," ते म्हणाले. "वापस कवा येशीन?"

मी बारा महिन्यांचा कागद काढून पुन्हा पाहिला. इतके दिवस आम्ही रस्ते धुंडाळत होतो, पण परतीचा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. ते त्यांना कळलं, आणि त्यांना कळलं हे मला दिसलं.

"जा," ते म्हणाले, "मी हाकीन मोट." आणि पुढची जुडी बांधायला घेतली.

मी गेलो नाही. त्या दिवशी ते रागावले असते, तर गेलो असतो.