उंटापुढे टाकलेला सदरा

कच्छमधल्या मांडवीला कोरडी वाळू थेट समुद्रात उतरते. लोक तिथे फोटो काढतात, दाबेली खातात आणि उंटावर बसतात. मीही आईला त्यासाठीच नेलं होतं. आमची पाळी येण्याआधीच आरशांच्या झुलीतला एक उंट बिथरला. तोंडाला फेस आणून, पिवळे दात विचकून तो मालकाच्या अंगावरच धावला. मालक जेमतेम निसटला. मला वाटलं, आता हा त्याला काठीने फोडून काढणार. पण त्याने पळता पळता अंगातला सदरा काढून उंटापुढे फेकला आणि स्वतः होडीमागे दडला.

उंटाने सदरा दातांत धरून आपटला, टराटरा फाडला, गुडघे टेकून छातीखाली रगडला. आजूबाजूची मुलं रडायला लागली. मग तो थांबला आणि समुद्राकडे तोंड करून रवंथ करू लागला.

"सकाळी मारलं होतं त्याला. ते डोक्यात ठेवलं त्याने," उघडाबंब मालक परत येऊन म्हणाला. "सदऱ्याला माझा वास आहे. त्याच्या लेखी मी मेलो. आता राग संपला."

रागाला माणूसच लागतो, असं मी समजत आले होते. आमच्या घरी बाबांची ताटं भिंतीवर आदळायची तेव्हा दोरीवर आईच्या साड्या वाळत असायच्या. त्यातली एखादी पुढे फेकून पळावं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

मी वळून पाहिलं. आई त्या चिंध्यांकडे बघत आपलं डावं मनगट चोळत होती. ते मोडल्यापासून कधी सरळ झालंच नाही.

"सदऱ्यावर भागलं त्याचं," ती म्हणाली.