खिचडीनंतर हँग होणारे कॉम्प्युटर

पोरांना कोडी घालायला गेलं की उत्तरं शाळेतच राहतात आणि किस्से तेवढे माझ्याबरोबर घरी येतात. डोळखांबजवळच्या एका पाड्यावरच्या शाळेत मी आठवड्यातून एकदा जाते. कोड्यांमधून पोरांना कॉम्प्युटरसारखा, पायरीपायरीने विचार करायला शिकवायचं. कॉम्प्युटर मात्र नाही!

तिथल्या भोईर बाईंना एकच घोर, सातवीतली वनिता. वर्गात सगळ्यांत तल्लख. पण भातकापणी झाली की घरच्यांबरोबर पावसाळ्यापर्यंत दूरच्या वीटभट्टीवर राहायला जाणार, आणि यंदा गेली की शाळा सुटलीच म्हणायची.

*

पहिल्या दिवशी रोबोटचा खेळ घेतला. सांगितलं तेवढंच करायचं. रोबोट झाला गणेश.

वनिता म्हणाली, "सरळ चाल." गणेश निघाला तो फाटकातून बाहेर, बांधावरून थेट घरी! बाईंनी पोरं पाठवून त्याला धरून आणलं, तर म्हणतो कसा,

"थांब कोनी बोललाच नाय!"

*

मग फळ्यावर नकाशा काढला. शाळेतून ओढ्याकडे जायला चांगली वाट कोणती? सगळ्यांनी जवळची दाखवली, वनिताने सगळ्यांत लांबची.

"का गो?"

"ताई, त्या वाटंवर काकडीचा मांडव हाय. आन मालक दुपारचा निजतो!"

*

एकदा शहापूरहून शाळा तपासायला साहेब आले. पोरं अंगणात चिंचोके मांडून बसलेली.

"विषय कॉम्प्युटरचा ना? मग कॉम्प्युटर कुठायत?"

बाईंनी पोरांकडे बोट दाखवलं. "सकाळी मस्त चालतात, सर. खिचडीनंतर हँग होतात!"

साहेब हसले नाहीत. मग मीही हसू दाबलं.

*

कापणी संपली तशी बाई आणि मी वनिताच्या घरी गेलो. तिचे बाबा शांतपणे म्हणाले, "बाई, आमी दोघांनी विटा पाडाच्या का धाकल्याला बघाचा? वनी संगती नको?"

मला राग आला, पण बोलणार काय? रांगतं पोर होतं, माणूस खोटं थोडंच बोलत होता!

वनिताने वाद घातलाच नाही. अंगणात रेघ मारली. इकडे घर, तिकडे भट्टी. घरातल्या प्रत्येकाचा एक दगड मांडला, बकऱ्यांचाही एक. आजीचा आणि बकऱ्यांचा घराकडे, बाकी सगळ्यांचे भट्टीकडे.

"धाकला एकला नको, बकऱ्या एकल्या नको, आन मी शाळंत. सोडवा!"

बाबा जवळ आले. मग उकिडवे बसले.

"थांब. असा." वनिताचा दगड त्यांनी घराकडे आणला आणि आजीचा भट्टीकडे सरकवला. "बकऱ्या वनी बघंल, शाळंच्या येळंला शेजारची काकी. जेवाला-निजाला वनी काकीकडं जाईल. सुटला!"

कोडं आपल्याला सुटलं म्हणून ते एवढे खूश, की आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

तेवढ्यात दारातून आजी कडाडली, "आन दगडाला इचारलास का रे?"

बाबा चटकन उठून उभे राहिले.

आजी अंगणात आली, वाकली, आपला दगड उचलला आणि भट्टीकडेच, धाकल्याच्या दगडाला खेटून ठेवला.

"वने, बकऱ्यांना सांच्याला पानी दाव गो. इसरू नको."