कणगीचं कुलूप

चुडाव्याचे सिताराम परभणीच्या एका कॉलेजात प्रयोगाचे उंदीर सांभाळायचे. माणूस भित्रा. प्रयोग करणाऱ्या सरांच्या टेबलावरचा खडूसुद्धा त्यांनी कधी उचलला नसेल. पण साखरेच्या आजारानं बायकोच्या, चांगुणाबाईंच्या, पायाची जखम चिघळत चालली होती, आणि इकडे सरांच्या नव्या भुकटीनं उंदरांची साखर उतरत होती. उंदीर तर चांगले टुणटुणीत. सितारामांनी चिमूटभर भुकटी कागदात बांधून नेली आणि एका सकाळी डॉक्टरची दवा म्हणून बायकोला पाजली.

त्याच दिवशी सरांनी पहिल्यांदा उपाशी उंदरांवर भुकटी चालवली. दुपारी उंदीर थरथरू लागले आणि एकेक आडवे झाले. सरांनी सांगितलं, यकृत म्हणजे साखरेची कणगी. उपाशीपोटी शरीर तिच्यातून काढून खातं. ही भुकटी कणगीला कुलूप घालते. पोटात अन्न नसलं तर मग खायचं कुठून?

सितारामांना घर आठवलं. आज वैशाखी पौर्णिमा. चांगुणाबाईंनी अष्टशील घेतलं होतं. दुपारी बारानंतर उजाडेपर्यंत पोटात काही जाणार नव्हतं.

त्यांनी गावाकडची गाडी पकडली, पण ती वाटेत मिरखेलला क्रॉसिंगसाठी थांबली ती थांबलीच. डोळे मिटले की आडवे पडलेले उंदीर दिसत, म्हणून ते डोळे उघडे ठेवून बसले. पुढच्या पूर्ण्याला उतरून तिथून चुडाव्यापर्यंत पळत जावं, असंही एकदा वाटलं.

ते पोचले तेव्हा विहारात पांढऱ्या लुगड्यातल्या चांगुणाबाई घामानं भिजल्या होत्या. वंदना म्हणताना शब्द अडखळत होते. उपासानं होतंय, असं बाया म्हणत होत्या. सितारामांनी घरून गुळाचं पाणी आणलं. चांगुणाबाईंनी तोंड फिरवलं.

"शील घेतलंय मी. सकाळी पिते."

सगळ्यांसमोर कसं सांगावं? पण बायकोचे ओठ पांढरे पडायला लागले होते.

"चांगुणा, ती दवा डॉक्टरची न्हाई. चोरून आनली मी. उंदरावर चालवायची हाय. पी, न्हाईतर मरशील."

चांगुणाबाईंनी दोन्ही हातांनी तांब्या धरला. पाणी लुगड्यावर सांडलं, पण प्याल्या. आणखी एक तांब्या प्याल्या. हळूहळू हातांची थरथर थांबली.

"चोरी करनार न्हाई, हे शील माझ्या शेजारी बसून म्हनता की तुमी," त्या हळूच म्हणाल्या. "आता शील मोडलं दोघांचं बी, तुमचं चोरीनं, माझं ह्या पान्यानं. बसा हितं. पुन्ना पहिल्यापासून म्हनू."

सिताराम बसले. दुसऱ्या, चोरी न करण्याच्या, शीलाला त्यांचा आवाज फुटेना. बायकोचं मनगट मात्र त्यांनी सोडलं नाही.