लंडन मुंबईपेक्षा जवळ

लंडन मुंबईपेक्षा जवळ आहे, असं मी माझ्या आईला सांगितलं. मी तेव्हा शेवगावच्या शाळेत भूगोल शिकवत होतो.

दुष्काळाच्या आदल्या वर्षी थोरला भाऊ नोकरीसाठी लंडनला गेला. त्याला मुंबईत विमानात बसवून मी घरी परतलो, तर आई थंड चुलीपुढे बसलेली.

"किती लांब हाय रं ते?"

मैल सांगून तिला काय कळणार? आमच्याकडे अंतर एसटीच्या वेळेत मोजतात. म्हणून मी म्हणालो, "आपल्याला मुंबई गाठायला एसटीत अख्खा दिवस जातो. विमान मुंबईहून निघून तेवढ्याच्या आत लंडनला टेकतं."

आईने चुलीतली राख मागे सारली. "म्हंजे मुंबईपरीस जवळच की."

"तसंच समज."

तिने चूल पेटवली. आईचं दुःख आपण कसं चुटकीसरशी पळवलं, या खुशीत मी दोन भाकरी जास्तच खाल्ल्या.

नागपंचमीला तिने पुरणाच्या दिंडांचा एक वाटा झाकून ठेवला. दिवाळीत संध्याकाळची नगरची गाडी येऊन गेल्याशिवाय कुणाला ताटावर बसू दिलं नाही. मला स्टँडवर पिटाळलं. आणि सगळं ठाऊक असूनही मी तिथे उतरणाऱ्यांची डोकी न्याहाळत उभा राहिलो. त्याच्यासारखी चाल असलेला एकजण उतरला, तेव्हा मी चक्क दोन पावलं पुढे झालो. तो बियाण्यांच्या दुकानाचा रस्ता विचारायला लागला.

मग गाय व्याली. खरवस म्हणजे भावाचा जीव की प्राण. आईने वड्या पाडल्या, पातेल्यावर ताट झाकलं आणि ताटावर वरवंटा ठेवला. वरवंटा मांजरासाठी, असं ती म्हणाली. पण बघत माझ्याकडे होती. वड्या आंबल्या तरी तिने कुणाला हात लावू दिला नाही. शेवटी स्वतःच उकिरड्यावर टाकून आली आणि उंबऱ्यात बसली.

"मुंबईची मान्सं सनाला घरी येत्यात. ह्यो त्याहून जवळ, तरी येत न्हाई. माजंच कायतरी चुकलं आसंल."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. लंडन लांब होतं, तोवर भावाला येता येत नव्हतं. मी ते उचलून जवळ आणून ठेवलं, आणि आता तो मुद्दाम येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी शाळेतला जगाचा नकाशा खांद्यावर टाकून घरी आणला आणि खुंटीला टांगला. दोरा घेऊन दाखवलं. शेवगाव ते मुंबई, करंगळीच्या नखाएवढं. मुंबई ते लंडन, वीतभर आणि वर थोडं.

"विमान लई पळतं म्हणून वेळ कमी लागतो, आई. अंतर काही कमी होत नाही. आणि तिकिटाला त्याचे कितीतरी पगार लागतात. त्याला यावंसं वाटलं तरी येता येत नाही."

आईने लंडनवर बोट ठेवलं. तिथून हळूहळू, वाळवंटावरून, समुद्रावरून ते मुंबईपर्यंत आणलं. मग परत लंडनवर नेलं आणि बराच वेळ तिथेच ठेवलं.

"मंग त्याची चूक न्हाई," ती म्हणाली. पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे वळली.

"आन तू शाळंत पोरांना ह्योच भूगोल शिकिवतोस व्हय रं?"