मक्याला बांधलेल्या पिशव्या

"कोणी सांगितलं?" हा काकांचा पहिला प्रश्न. आज नळाला पाणी येणार नाही म्हटलं, तरी डोळे बारीक करून तेच. असा एखादा शेजारी तुम्हीही पाहिला असेल. आमचे शेजारचे काका बोटीवरच्या नोकरीतून निवृत्त झालेले. दूधवाल्यादेखत दुधात बोट बुडवून बघत. आता ते आणि काकी मुलाकडे ठाण्याला असतात आणि इथलं घर बंद आहे.

ते इथे होते तेव्हाची गोष्ट. काकी आजारातून उठल्या, पण तोंडाची चव गेली. ताट आलं तसं सरकवत. एकदा मी स्वीट कॉर्न उकडून दिला, तो मात्र अख्खा खाल्ला. दुसऱ्याच दिवशी काका बी घेऊन आले, कारण बाजारातल्या मक्यावर काय फवारतात कोण जाणे. अर्धं पाकीट त्यांनी माझ्या हातावर ओतलं. मला कौतुक वाटलं.

"तुझंही नाही उगवलं, तर दुकानदार लबाड," ते म्हणाले.

दोन्हीकडे उगवलं. मध्ये फक्त कमरेएवढा, जांभ्या दगडांचा गडगा. कणसांना केस फुटले त्याच सकाळी काकांनी एकेका कणसाला आंब्याला लावायची कागदी पिशवी चढवली. वानर, पोपट आणि बहुधा मी, सगळ्यांचा बंदोबस्त.

"काका, काढा त्या. शेंड्यावरच्या तुऱ्यातली पूड केसांवर पडल्याशिवाय दाणा भरत नाही."

"आंब्याला चालते ती?"

"आंब्याला आपण फळ धरल्यावर बांधतो. इथे अजून काही धरलंय कुठे?"

"माझी कणसं उघडी राहायला तुला कशाला गो हवीत?"

मला कामं होती. मी घरात गेले.

तीन आठवड्यांनी त्यांनी पहिलं कणीस सोललं. बुडाशी चार दाणे, पुढे सगळं रिकामं. दुसरं तसंच. सगळीच तशी.

काका गडग्याशी आले. माझी कणसं टम्म भरलेली.

"त्याच पाकिटातलं?"

"त्याच."

दुकानदार सुटला, वानर सुटले. संशय घ्यायला आता एकच माणूस उरला होता, आणि ती मी नव्हते.

"रोज विचारते गो ती," ते खाली बघत म्हणाले. "झाला का मका म्हणून."

"आधी गॅसवर पाणी ठेवा. उकळलं की हाक मारा. तोडून ठेवला की गोडी जाते."

हाक आली तशी सहा कणसं तोडून गडग्यावरून दिली. काकांनी प्रत्येकात नख खुपसून दुधासारखा चीक बघितला.

थोड्या वेळाने पाहिलं, तर दोघं पडवीत. काका प्रत्येक कणसाचा एक दाणा आधी स्वतः खात होते, थोडं थांबत होते, मगच ते कणीस काकींच्या ताटलीत ठेवत होते.

"अहो, आणा ना इकडे," काकी म्हणाल्या. "भूक लागलीय मला."